जिन्यातला धूर

माघ उतरणीला लागला की आमच्याकडची थंडी पातळ होते, पण लगेच जात नाही. सकाळी शाल लागते आणि दुपारी पंखा. अंबरनाथजवळ चिखलोलीच्या नव्या इमारतींच्या मध्ये जे चार-दोन आंबे अजून तोडायचे राहिलेत, त्यांच्यावर मोहोर येतो. संध्याकाळी वारा फिरला की त्या गोडसर वासात कारखान्यांचा आंबूस वास मिसळतो. बाहेरून राहायला आलेले लोक नाक मुरडतात. मला तो वास आजोळचा वाटतो, कारण माझं आजोळ मोरिवलीचं, आणि तिथल्या अंगणात मी हे दोन्ही वास एकत्रच घेत वाढले. रिक्षा स्टँडपाशी डोंगरातल्या ठाकरणी कवठं मांडून बसल्या की समजावं, महाशिवरात्र आली.

यंदा त्यात आणखी एक वास आला. लिफ्ट बंद होती म्हणून भाजीची पिशवी घेऊन जिना चढत होते. चौथ्या मजल्याच्या अलीकडच्या वळणावर तो नाकात शिरला. ओलं गवत पेटवल्यासारखा, कडवट आणि दाट. माझे पाय थांबले. मागे कुणीतरी येऊन उभं राहिलंय असं वाटलं आणि मी भिंतीकडे सरकून वाट करून दिली. जिन्यात अर्थातच कुणी नव्हतं. बराच वेळ मी तशीच भिंतीला टेकून उभी होते, उंच माणूस सहज वर निघून जाईल एवढी जागा सोडून.

निलेश उंच होता. माझा मामेभाऊ, माझ्याहून बराच लहान. त्याला जाऊन आता काही वर्षं झाली. पण हा वास आला की तो आधी येतो, आणि तो नाही हे मागाहून आठवतं.

मामाबद्दल आधी सांगायला हवं. माझा मामा म्हणजे मोरिवलीचा बुवा. शेती होती तेव्हा शेती केली, ती कारखान्यांत गेल्यावर वॉचमनची नोकरी केली, पण ओळख राहिली ती भजनाची. पेटीवर बसला की कल्याणपासून बदलापूरपर्यंतच्या मंडळ्या ऐकायला यायच्या. भजन संपलं की देवळाच्या ओट्यावर जुनी माणसं गोल करून बसत. मामा चिलीम भरायचा, ओला फडका तिच्या तोंडाला गुंडाळायचा, डोळे मिटून एक झुरका घ्यायचा आणि शेजाऱ्याकडे द्यायचा. आम्ही पोरं तिथेच लपाछपी खेळायचो. आम्हाला कुणी हाकललं नाही, की काही लपवलं नाही. एकदा मी आईला विचारलं होतं, मामा काय ओढतो? ती तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "बुवा आहे तो. त्याला चालतं."

शिवरात्रीच्या आधी अंबरनाथच्या देवळापाशी बैरागी उतरत. मामा त्यांना घरी जेवायला आणायचा. मामी रताळी उकडायची, वरईचा भात करायची, अंगणात पानं मांडायची. जेवण झालं की अंगणात धूर व्हायचा आणि गावातल्या बायका त्या धुरातून जाऊन बैराग्यांच्या पाया पडायच्या. एका वर्षी तर जत्रेच्या बंदोबस्ताला आलेला हवालदार मामाच्या पाया पडला होता. टोपी काढून, वाकून. मला ते चांगलं आठवतं, कारण त्याच्या टोपीशी खेळायला मिळावं म्हणून मी जवळ उभी होते.

निलेशला मात्र मामानं ओट्यावर कधी बसू दिलं नाही. तो कारखान्यात कंत्राटावर लागला. रसायनांची पोती उचलायची, ड्रम धुवायचे. सुटून आला की त्याच्या अंगाला साबणानंही न जाणारा वास असायचा. मग तो मित्रांबरोबर मैदानाच्या भिंतीमागे जाऊन बसायचा. कागदात गांजा गुंडाळून ओढायचे. घरी येताना हसतमुख यायचा, मामीच्या हातचं दुप्पट जेवायचा. मला म्हणायचा, "ताई, दिवसभर डोक्यात मशीन चालू असते. तेवढा वेळ बंद होते. बस." मामाला ते ठाऊक होतं. दोघांत त्यावर कधी बोलणं झालं नाही.

असेच माघाचे शेवटचे दिवस होते. भिंतीमागे बसलेल्या पोरांना पोलिसांनी उचललं. निलेशच्या खिशात पुडी सापडली. दुपारपर्यंत फोटो सगळ्यांच्या मोबाइलवर आला. पोरांनी तोंडाला रुमाल बांधले होते, पण त्याच्या अंगात स्वतःच्या साखरपुड्यासाठी घेतलेला निळा शर्ट होता, आणि तो शर्ट अख्ख्या गावानं पाहिलेला होता. मामीला बातमी सांगायला कुणी आलं नाही. तिनं दुसऱ्या कुणाच्या तरी फोनवर मुलाचा शर्ट ओळखला.

मी घरीच होते, म्हणून मामानं मला बोलावलं. म्हणाला, "सुजे, चल माज्यासंग. मना तिथला बोलता येनार नाय." पोलीस चौकीत आम्ही बाकावर बसलो. टेबलामागे एक वयस्कर हवालदार होते. त्यांनी समजावून सांगितलं, माल थोडा आहे, वकील करा, जामीन होईल, घाबरू नका. बोलणं सरळ होतं. मी उठले. मामा उठला नाही. त्यानं बंडीच्या खिशातून चिलीम काढली आणि फडक्यासकट टेबलावर ठेवली.

"मना बी आत घाला," तो म्हणाला.

"काय बाबा?"

"जलमभर ओडली मी. देवलाच्या ओट्यावर बसून ओडली. सगला गाव साक्षीला हाय. पोऱ्यानं काल-परवा धरली. त्याला आत घालता, मंग मना का नाय?"

खोलीत आणखी दोघं होते, त्यातला एक हसला. हवालदारांनी त्याच्याकडे एकदाच पाहिलं आणि तो गप्प झाला. मग त्यांनी चिलीम फडक्यात नीट गुंडाळली आणि मामाच्या हातात दिली.

"बाबा, हे घेऊन घरी जा. इथे राहिलं तर मला लिहावं लागेल."

"लिवा ना."

"नाही लिहायचं मला," ते हळूच म्हणाले. "माझे वडीलपण भजनातच होते."

मामा मग उठला. परतताना वालधुनी नदीच्या पुलावर त्यानं रिक्षा थांबवली, उतरला, आणि ती चिलीम पाण्यात टाकली. त्या काळ्या पाण्याचा आवाजसुद्धा झाला नाही. तेव्हापासून तो ओट्यावर गेला नाही. भजनाला कुणी ये म्हटलं नाही आणि कुणी नको असंही म्हटलं नाही. पेटीवर हळूहळू घडी केलेले कपडे ठेवले जाऊ लागले.

निलेशला जामीन मिळाला. पण त्याच्या मागे तो फोटो होताच. कंत्राटदारानं गेटवरूनच परत पाठवलं. साखरपुडा झालेल्या मुलीचे वडील बदलापूरकडून आले, नम्रपणे बसले, पुढ्यात ठेवलेला चहा प्यायले नाहीत आणि गेले. दुकानात निलेश उभा राहिला की बायका आपल्या पोरांना जवळ ओढून घ्यायच्या. त्याला पोरं फार आवडायची. त्यानं दुकानात जाणंच सोडलं. तारखेला उल्हासनगरच्या कोर्टात जायचा तेव्हा मधल्या सुट्टीत माझ्याकडे येऊन बसायचा. मी तिथेच कॅम्प एकमध्ये चष्म्याच्या दुकानात काम करते. तो आरशासमोरच्या स्टुलावर बसून एकेक फ्रेम लावून बघायचा. "यातला कोणता घातला तर ओळखणार नाहीत गं?" असं विचारायचा. आम्ही दोघं हसायचो. आता तो आरसा पुसताना मी कडेकडेनं पुसते.

त्यानं ते ओढणं सोडलं. खरंच सोडलं, त्या दिवसापासून. मग आला हळदींचा हंगाम. आमच्याकडे लग्नापेक्षा हळद मोठी. मांडव, डीजे, मटण आणि मांडवामागे बाटल्या. चुलत घराण्यातल्या एका हळदीला निलेश रस्त्यावरच उभा होता, आत यावं की नाही अशा विचारात. घरातल्याच एका काकानं त्याला पाहिलं, दंडाला धरून आत ओढलं आणि हातात ग्लास दिला. "ये रे, परका हाय का तू?" म्हणाला. सगळ्यांनी आरोळी ठोकली. कुणी खांद्यावर हात टाकला. इतक्या महिन्यांनंतर त्याला कुणी हात लावत होतं. मामी माझ्या शेजारी उभी होती. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. म्हणाली, "घेतला गं माज्या पोऱ्याला परत."

त्यानंतर तो रोज पिऊ लागला. आधी संध्याकाळी, नंतर दुपारी, मग उठल्याबरोबर. गावात कुणाला काही वाटलं नाही. दुकान उघडं होतं, सरकारी परवाना भिंतीवर होता, पोलीस समोरून जायचे. "ते तरी सुटलं ना," असं लोक मामीला समजावायचे. "दारू काय, सगलीच पितान." आता कुणी त्याला गर्दुल्ला म्हणालं नाही. नाक्यावर त्याला बसायला जागा मिळाली, लग्नात मान मिळाला. एका मुलीकडून तर विचारणासुद्धा आली होती.

डोळे पिवळे झाले तेव्हा उशीर झाला होता. डॉक्टरांनी लिव्हरचं नाव घेतलं. शेवटच्या दिवसांत त्याचं पोट फुगलं आणि हातपाय काड्यांसारखे झाले. अंथरुणात तो अजूनच उंच दिसायचा. तो गेला त्या दिवशी अंगणात गाव मावत नव्हता. लोक एकमेकांना म्हणत होते, "दारूनं गेला." तापानं गेला म्हणावं तसं. कुणाचा आवाज खाली गेला नाही, कुणी तोंडाला पदर लावला नाही. मामा खांबाला टेकून ते ऐकत बसला होता.

म्हणून आता कुणी या विषयावर बोलू लागलं की मला काही ठाम बोलता येत नाही. दुकानात परवा एक कॉलेजची मुलगी आली होती. चष्म्याचा नंबर काढून घेता घेता मालकांशी गप्पा मारत म्हणाली, "अंकल, बाहेरच्या देशांत गांजा लीगल झालाय. आपल्याकडे पण व्हायला पाहिजे. उगाच मुलांचं करिअर जातं." मी मान वर केली. मला तिच्या डोक्यावर हात ठेवावासा वाटला. पण आमचे शेठ, हरीशशेठ, सिंधी आणि मनाचे मऊ, त्यांनी हातातली काच खाली ठेवली.

"बेटा, मेरी बहन का लडका था," ते म्हणाले. "तुझ्यासारखाच हुशार. गांजाच ओढत बसायचा दिवसभर. मग त्याला आवाज यायला लागले. भिंतीतून लोक बोलतात म्हणायचा. आज भी हॉस्पिटल में है. मला ओळखत नाही तो. दुकान में मिलेगा तो क्या अच्छा हो जाएगा? दारू तो दुकान में ही मिलती है ना?"

मुलगी म्हणाली, "पण अंकल, त्याला जेलमध्ये टाकलं असतं तर बरा झाला असता का?"

शेठनी काच उचलली. मग नाही अशी मान हलवली, आणि पुन्हा काच पुसू लागले. शेठनी भाचा घालवला होता, मी भाऊ. एकाच टेबलाच्या दोन बाजूंना आम्ही इतकी वर्षं बसतो. माझा भाऊ तर दुकानात मिळणाऱ्या गोष्टीनंच गेला. मग बंदी चांगली की परवाना चांगला? घरी परतताना मी हेच घोळवत राहिले, आणि शेवटी मनात फक्त चौकीतला तो बाक उरला.

जिन्यातल्या वासाचा गाजावाजा व्हायला वेळ लागला नाही. इमारतीच्या ग्रुपवर मेसेज सुरू झाले. "संस्कारी लोकांची सोसायटी आहे ही." "पोलिसांना कळवा, एकदा उचलला की बाकीचे सुधारतील." सगळ्यात जोरात लिहीत होते ते आमचे सेक्रेटरी. मागच्या होळीला गच्चीवर भांगेची थंडाई घेऊन ते दुपारभर हसत होते आणि त्यांची बायको त्यांचे व्हिडिओ काढत होती. रविवारी मीटिंग ठरली. तो वास कुठून येतो हे सगळ्यांना माहीत होतं. पाचव्या मजल्यावरचा ओंकार, इंजिनिअरिंगला असलेला. वडील पुण्याला नोकरीला, आई, शिंदेबाई, एका कंपनीचं कॅन्टीन सांभाळतात, पहाटे जातात आणि संध्याकाळी येतात. त्यांना मात्र माहीत नव्हतं. त्या ग्रुपवर नव्हत्याच.

शिवरात्रीच्या दुपारी मामा आला. मामीनं कवठं आणि रताळी दिली होती. त्याला लिफ्टची भीती वाटते, म्हणून दर मजल्यावर थांबत जिन्यानं चढला. दार उघडलं तर तो दारात उभा, धाप लागलेली, आणि पिशवी आत न देता वर बघत होता.

"वरती कोन ऱ्हातं?"

मी सांगितलं. मीटिंगचंही सांगितलं. त्यानं पिशवी उंबऱ्यावर ठेवली आणि आणखी एक जिना चढू लागला. मी मागे धावले.

ओंकारनं दार अर्धवट उघडलं. एक म्हातारा, धोतर-बंडीतला, आणि मागे मी. त्याचा चेहरा पांढरा पडला. "आंटी, सॉरी. कोणी कम्प्लेंट केली का? मी बंद करणार होतो, खरंच."

"घाबरू नको," मामा म्हणाला. "मना कोनी पाठवला नाय. पानी दे जरा."

त्यानं पाणी आणलं. मामा दाराजवळच्या खुर्चीवर बसून सावकाश प्यायला. टेबलावर पुस्तकं उघडी होती, धूर बाहेर जावा म्हणून खिडकीत पंखा उलटा लावलेला. मामानं ते सगळं बघितलं.

"मी बी ओडायचो," तो म्हणाला. "जलमभर."

ओंकारला जरा धीर आला. "मग आजोबा, तुम्हाला काही झालं? कोणी काही बोललं?"

"नाय. पाया परायचे माज्या." मामानं पेला खाली ठेवला. "मी बुवा होतो. तू कोन हाय?"

त्याच्या आवाजात टोमणा नव्हता.

"आईला ठाव हाय?"

"नाही."

"मंग आज सांग. ती फोनवर फोटो बगंल त्याच्या आदी तुज्या तोंडानं सांग. मारंल, रडंल, पन तिच्या समोर तू असशील. काय करायचा, सोडायचा का कसा, ते नंतर दोघांनी बसून ठरवा. पन आदी सांग."

ओंकार दाराची कडी हातानं फिरवत होता. "तुमच्या घरी कोणाला..." त्यानं विचारायला सुरुवात केली आणि मामाचा चेहरा बघून थांबला. मामा उठला. जाताना त्यानं मुलाच्या खांद्यावर हात ठेवला. हात पोचायला त्याला टाचा उचलाव्या लागल्या.

रविवारी खालच्या हॉलमध्ये खुर्च्या मांडल्या होत्या. सेक्रेटरींनी प्रस्तावना केली. तरुण पिढी, वातावरण, कायदा. नाव घेत नव्हते, पण सगळे माना वर करून छताकडे बघत होते. "तेव्हा माझं म्हणणं आहे की आपण पोलिसांना..." ते म्हणत होते तेवढ्यात दारापाशी शिंदेबाई दिसल्या. कामाची साडी, केसांना तेल, डोळे सुजलेले. मीटिंगला त्या पहिल्यांदाच आल्या होत्या. बसल्या नाहीत.

"माझा मुलगा आहे तो," त्या म्हणाल्या. "त्यानं मला सांगितलं. मी दोन दिवस जेवले नाही. काल त्याला घेऊन डॉक्टरांकडे गेले होते. आता तुम्हाला पोलीस बोलवायचे असतील तर बोलवा. मी इथेच उभी आहे. फक्त माझ्या समोर बोलवा."

सेक्रेटरींच्या हातात फोन होता, त्यांनी तो पालथा करून मांडीवर ठेवला. मग मागच्या रांगेतून कुणीतरी बाईंना बसायला खुर्ची सरकवली. मीही उठून त्यांच्याजवळ गेले. विषय पुढच्या मीटिंगवर टाकला गेला. टळला नाही, टाकला गेला. दोन-तीन जण तणतणत बाहेर पडले. ते उद्या फोन करणारच नाहीत असं मला सांगता येणार नाही.

घरी येऊन मी मोरिवलीला फोन लावला. मामानंच उचलला. मी सगळं सांगितलं. तो हं हं करत राहिला. मग म्हणाला, "पोऱ्या घरी हाय ना?"

"हो मामा. घरी आहे."

"घरी हाय," तो मोठ्यानं म्हणाला, जणू दुसऱ्या कुणाला सांगत होता. "पोऱ्या घरी हाय."

पलीकडे स्वयंपाकघरात भांडं खाली पडल्याचा आवाज आला. मग मामीचा आवाज, घाईघाईनं दाराकडे जात असल्यासारखा. "आला? कंदी आला?"

मामानं फोन ठेवला नाही, मीही ठेवला नाही. मला अंगणाचं दार उघडल्याचं ऐकू आलं.